२१६३ फुटांची रेघ

नकाशा म्हटलं की माझ्यासारख्या दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला शाळेच्या भिंतीवरचा रंगीत कागद आठवतो. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, आणि गुरुजींच्या हातात लाकडी रूळ. त्या नकाशात आपलं गाव कधीच नसायचं. दुसरा नकाशा तलाठ्याकडचा, गाव नकाशा. त्यात गट नंबर असतात, शिवा असतात, आणि भावाभावांच्या भांडणाचं मूळही बऱ्याचदा त्यातच असतं. पण तिसरा एक नकाशा असतो, तो फार शेतकऱ्यांनी पाहिलेला नसतो. स्थलदर्शक नकाशा. शिकलेली माणसं त्याला टोपोशीट म्हणतात. त्यात मालक कोण ते लिहिलेलं नसतं, पण जमीन कशी आहे ते सगळं असतं. चढ किती, उतार किती, ओढा कुठून निघतो, पायवाट कुठल्या खिंडीतून पलीकडं उतरते, देऊळ कुठं, विहीर कुठं.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या कोयना खोऱ्यातलं. 'गाव होतं' असं म्हणायला पाहिजे, कारण ते आता शिवसागर जलाशयात आहे. माझा जन्म तिथला नाही. घरदार उठून सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यात आलं, त्यानंतरचा मी. त्यामुळं गाव मला माहीत आहे ते आज्जीच्या, आबांच्या आणि आत्याच्या तोंडून. आणि पुढं, पन्नाशी उलटल्यावर, एका जुन्या स्थलदर्शक नकाशातून.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या पोटाला धरून सरळ दक्षिणेला वाहते. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, तिच्या पलीकडं एकदम कोकण. पूर्वेला बामणोलीची डोंगररांग, तिच्या पलीकडं साताऱ्याचा मोकळा मुलूख. दोन भिंतींच्या मधली ही बोळ. हेळवाकला आल्यावर नदी एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला जावळी. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून जावळी घेतली, आणि तीन वर्षांनी अफझलखान याच रानात प्रतापगडाच्या पायथ्याशी येऊन संपला. एवढी फौज असलेल्या माणसाला हे रान ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याजवळ कागद नव्हता. वाटा माणसांच्या पायात होत्या.

मराठ्यांच्या काळातही नकाशे काढत. पेशवाईतले असे नकाशे आजही जपलेले आहेत. त्यात डोंगर उभे काढलेले, किल्ले चित्रासारखे, नावं मोडी नाहीतर बाळबोध अक्षरात. पण इतके इंच म्हणजे इतके कोस असं माप त्यात नसतं. पाहणाऱ्याला मुलूख आधीच ठाऊक आहे असं धरून ते काढलेले असतात. इंग्रजांची गोष्ट वेगळी. त्यांना मुलूख ठाऊक नव्हता, म्हणून मोजावा लागला. १८१८ साली आमच्या खोऱ्यातल्या वासोटा किल्ल्यावर त्यांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागल्या आणि किल्ला घेतला. मुलूख हातात आला, मग त्याचा सारा ठरवायचा, रस्ते काढायचे, फौजेच्या वाटा बघायच्या. त्याला नकाशा पाहिजे.

मोठी मोजणी तर त्याच्याही आधी, १८०२ साली मद्रासेकडं सुरू झाली होती. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या फौजी माणसानं ती सुरू केली. या लॅम्ब्टनचा शेवट आपल्याच महाराष्ट्रात झाला. मोजत मोजत उत्तरेला सरकताना १८२३ साली तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याच्या मागं ते काम जॉर्ज एव्हरेस्टनं पुढं नेलं. जगातल्या सगळ्यात उंच शिखराला इंग्रजांनी नाव दिलं ते याच एव्हरेस्टचं, आणि त्या शिखराच्या उंचीचं गणित केलं ते राधानाथ सिकदार या बंगाली माणसानं.

एवढा डोंगराळ देश मोजला कसा, हे मला बरेच दिवस कोडं होतं. साखळी टाकून बामणोलीची रांग कशी मोजणार? एका निवृत्त भूगोलाच्या शिक्षकांनी ते मला बांधावर बसून समजावलं. सपाटीवर एक लांब रेघ साखळीनं अगदी काटेकोर मोजायची. तेवढीच काय ती खरी मोजणी. मग त्या रेघेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या एका शिखराकडं दुर्बिणीनं बघायचं आणि कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणितानं निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर पुढचा. असे डोंगरामागून डोंगर त्रिकोणांनी बांधत जायचं. नदी न ओलांडता तिचं पात्र मोजायचं तसंच हे, फक्त नदीच्या जागी सगळा देश. त्या वेळचं मोठं कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं, आणि ते माणसांच्या खांद्यावर डोंगर चढायचं. शिखराच्या खडकात एक वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरून खूण करायची. नकाशात तिथं त्रिकोण येतो, शेजारी उंचीचा आकडा.

त्रिकोणांचा सांगाडा झाला की मग अंग भरायचं. तिपाईवर सपाट पाट, पाटावर कागद, आणि मोजणीदार एकेक खिंड, एकेक ओढा कागदावर उतरवत पायी हिंडायचा. बरोबर सामान उचलणारे खलाशी. आधीच्या नकाशात डोंगर बारीक बारीक रेघा मारून दाखवत, कोष्ट्याच्या सुतासारख्या. १९०५ नंतर ठरलं की सगळा देश एक इंचाला एक मैल या मापानं, रंगीत आणि समोच्च रेषांसह काढायचा. आज ज्याला जुने इंची नकाशे म्हणतात ते हेच. देशाचे चौकोन पाडले, चौकोनाला नंबर. आमचं कोयना खोरं '४७ जी' या चौकोनात येतं.

समोच्च रेषा शाळेत शिकवतात आणि पोरं पाठ करतात: समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा. पाठ होतं, पण डोळ्यापुढं काही येत नाही. भात करणाऱ्या माणसाला ती शिकवायला लागत नाही. खाचराचा बांध हीच समोच्च रेषा. डोंगराच्या उताराला बांध वळत वळत जातो, कारण पाणी सगळीकडं सारखं उभं राहिलं पाहिजे. बांध जवळ जवळ आले की समजायचं चढ उभा आहे. लांब लांब गेले की जमीन मोकळी आहे. जुन्या इंची नकाशातल्या आमच्या पत्रकात असे बांध दर ५० फुटांच्या उंचीला घातलेले आहेत, तपकिरी रंगात. पश्चिमेला कोकणाच्या कड्यावर ते इतके चिकटलेत की रेषा वेगळी काढता येत नाही.

कोयनेचं धरण इथंच का, हे त्या पत्रकावर उघड दिसतं. लांबट अरुंद खोरं, खाली हेळवाकजवळ दोन्ही डोंगर जवळ आलेले. तिथं बांध घातला की पाणी मागं सगळ्या बोळीत भरणार. आणि पश्चिमेला भिंतीपलीकडं चारशे मीटरांहून जास्त खोल कोकण. पाणी डोंगरातून बोगद्यानं पलीकडं पोफळीकडं सोडलं की त्याच्या पडण्यात वीज. मूळची पूर्वेला जाणारी कोयना अशी पश्चिमेला वाशिष्ठीत पडायला लागली. पन्नाशीच्या दशकात काम सुरू झालं, साठीच्या सुरुवातीला पाणी अडलं. धरण १०३ मीटर उंच, साठा १०० टीएमसीच्या घरात. शंभराच्या आसपास गावं हलली. कोण रायगडात, कोण ठाण्यात, कोण सोलापूर-सांगलीकडं. ज्या वीजेनं महाराष्ट्राचे कारखाने चालले ती वीज आमच्या नव्या गावठाणात यायला मात्र बरीच वर्षं लागली. आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तिकडं उरलेल्या आमच्या पाव्हण्यारावळ्यांचीही घरं पडली.

धरणानंतर मोजणी पुन्हा झाली, नवे नकाशे मीटरच्या मापात आले. १ सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. त्यात आमच्या खोऱ्यात निळा रंग आहे. नव्या नकाशाचा दोष नाही, पाणी आहे तर पाणीच दाखवणार. पण आबांना मी तो एकदा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा फिरवला आणि घडी घालून परत दिला. त्यांना त्यात ओळखीचं काही सापडलं नाही.

जुना इंची नकाशा मिळायला मात्र वेळ लागला. एका कचेरीत तीन खेपा घातल्या. पहिल्या दोन खेपांत मला 'कशाला पाहिजे?' एवढंच विचारलं गेलं, तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तेव्हा असे नकाशे सहजी बाहेर देत नसत. नंतर सरकारचं धोरण मोकळं झालं, आता नवी पत्रकं संगणकावर घरबसल्या उतरवता येतात. जुनं पत्रक शेवटी पुतण्याच्या कॉलेजात, भूगोलाच्या कपाटात सापडलं. त्याची मोठी छायाप्रत करून तो दिवाळीला घेऊन आला. तोवर आबा गेले होते.

मी अंगठा ठेवला तर आमचं सगळं गाव शिवारासकट झाकत होतं. पण काय नव्हतं त्यात? घरांचे लाल ठिपके, दोन ओढे, भातशेतीचा पिवळा रंग नदीच्या अंगाला, वर जंगलाचा हिरवा. बैलगाडीच्या रस्त्याची खूण नाही, सगळ्या तुटक रेघा, म्हणजे पायवाटा. त्यातली एक वर घाटमाथ्याला जाऊन कोकणात उतरलेली. त्याच वाटेनं आज्जा मीठ आणि सुकी मासळी आणायचा. जागोजागी धनगरवाडा असं लिहिलेलं. इंग्रजी अक्षरात सगळं, आणि त्या अक्षरात आपला 'ळ' बसत नाही. माळ आणि माल एकच होऊन जातं. तरी नावं वाचली की ओळखू येत होती. तो मोजणीदार कुणी परका माणूस असेल, पण ओढ्याचं नाव त्याला आकाशातून कळलेलं नाही. गावच्या पाटलानं नाहीतर पुढं चालणाऱ्या वाटाड्यानं सांगितलं, ते त्यानं लिहिलं. म्हणजे आमच्याच कुठल्यातरी पणजोबाचं तोंड त्या कागदावर उमटलेलं आहे.

एक गोष्ट मात्र त्या रंगांमुळं बिघडलेली दिसते. डोंगराच्या उतारावर आमची माणसं कुमरी करायची. झुडपं तोडून, जाळून, दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घ्यायची आणि मग रान पडीक टाकून दुसरीकडं सरकायचं. मोजणीदार आला त्या वर्षी ते रान पडीक असेल तर नकाशात ते झुडपी जंगल. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर कुमरीवर आधीच बंधनं येत गेली होती. पुढं धरणाच्या मोबदल्याच्या वेळी ज्याच्या नावावर भातखाचर त्याला काहीतरी मिळालं. उतारावरच्या नाचणीला कुणी विचारलं नाही. ती कागदावर शेती नव्हतीच. खाणारी तोंडं मात्र निम्मं वर्ष तिच्यावरच जगत होती.

आता देवाचं सांगतो. आमच्या गावाचा देव पाण्यात गेला असं सगळे पुरुष सांगत. उठताना त्याच्या नावानं नदीतला एक गोल तांदळा पाटीत घालून आणला आणि इकडं नव्या गावठाणात बसवला. आबा, चुलते, सगळे हेच सांगत. एकटी आत्या म्हणायची, "आरं, देव कसा बुडंल? देव वरल्या अंगाला हाय. तितवर पाणी चढलं तर मग समदा मुलूखच गेला म्हणायचा." ती गाव सोडताना विशीतली, शाळा कधी पाहिलेली नाही. बाईमाणसाचं बोलणं म्हणून पुरुषांनी ते सोडून दिलेलं.

छायाप्रत समोर पसरून मी आत्याला म्हटलं, "आत्या, तू नीट सांग, देवाला जायचं कसं?"

ती कागदाकडं बघेना. डोळे मिटून सांगायला लागली. "घरातनं निघायचं. वरच्या आळीतनं वढा लागतो. तो धरून वर जायचं. दोन वढं मिळत्यात तितं एक कोंड हाय, म्हशी बसायच्या. तितनं डाव्या अंगानं चढ. दम लागला की टेक येतं. टेकावर देव."

नकाशात लाल ठिपके. वर ओढा. दोन ओढे मिळतात ती जागा. डावीकडं चढ, म्हणजे जवळ आलेल्या तीन रेषा. मग थोडी मोकळी जागा, आणि तिथं देवळाची बारीक खूण. माझ्या अंगावर काटा आला. मी रेषा मोजल्या. घरं २१०० फुटांच्या रेषेखाली. देवळाची खूण २२५० च्या वर.

कोयनेचं पाणी पुरं भरलं की २१६३ फुटांपर्यंत येतं. दर पावसाळ्यात हा आकडा पेपरात येतो, धरण भरलं की नाही ते सांगायला. मी पोराची निळी पेन्सिल घेतली आणि २१५० आणि २२०० च्या रेषांच्या मधून, खालच्या रेषेला धरून एक रेघ ओढत गेलो. ओढा आला की आत वळायचं, सोंडेला बाहेर यायचं. रेघ पुरी झाली तेव्हा घरं, भाताची पिवळी पट्टी, म्हशींची कोंड, सगळं निळ्याच्या आत गेलेलं. देव बाहेर. चार-दोन फुटांचा फरक धरला तरी ८० फूट बाहेर.

"आत्या, देव बुडला नाही."

"मग? म्या काय सांगत व्हते? आन् हे कागदावर कुणी लिवलं?"

"सरकारी मोजणीदारानं."

"त्येला तरी खरं सांगितलं म्हनायचं कुणीतरी."

त्या वर्षीच्या मार्चात आम्ही बामणोलीहून नाव केली. नदीच्या पश्चिमेचा तो सगळा भाग १९८५ पासून अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. म्हणून वन खात्याची परवानगी आणि बरोबर एक वाटाड्या. पाणी उतरलेलं होतं. काठावर लाल मातीचे पट्टे एकाखाली एक, जसं पाणी उतरत गेलं तसे उमटलेले. नकाशातल्या रेषा कुणी जमिनीवर काढून ठेवाव्यात तसे. आत्याचे गुडघे चढणारे नव्हते. ती जांभळीच्या सावलीला बसली आणि हातानं दाखवलं, "त्या सोंडेच्या माग."

पुतण्या, वाटाड्या आणि मी चढलो. दम लागला. टेक आलं. दाट झाडी होती, हिरडा, जांभूळ, अंजनी. देऊळ असं नव्हतंच. चार दगडांची चौकट, आत शेवाळ धरलेले तीन तांदळे, आणि पुढं पावसानं झिजलेलं एक दगडी दिव्याचं भांडं. नकाशात देवळाची खूण आहे म्हणून मी कळस शोधत होतो. खाली येऊन सांगितलं तर आत्या म्हणाली, "छप्पर न्हवतंच त्येला. देवाला कोंडलेलं आवडत न्हाई. कागदात न्हाई का तसं?"

कागदात तसं नव्हतं. कागदात देवळाची एकच खूण असते, मग ते सोन्याच्या कळसाचं असो नाहीतर उघड्यावरचे तीन दगड असोत. देवाचं नावही तिथं लिहिलेलं नव्हतं. जागा कागदानं राखली, बाकीचं आत्यानं.

त्या दिवशी काठावर बसून ती पाण्याकडं बोट करत नावं सांगत राहिली. खालची पट्टी, वाण्याचा माळ, जांभळीचं टेक, म्हशीची कोंड, सासुरवाशिणीचा दगड. पुतण्यानं वहीत लिहून घेतली. घरी आल्यावर आणखी आठवली. इंची नकाशात आमच्या शिवारातली नावं सहा आहेत. वहीत सत्तेचाळीस भरली. ती सगळी आम्ही त्या छायाप्रतीवर बारीक अक्षरात मराठीतून लिहिली, 'ळ' सकट. जिथं आत्याला जागा पक्की सांगता आली नाही तिथं लिहिली नाहीत, समासात ठेवली.

आमच्यासारखी गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. काही धरणात गेली, काही आपणहून उठली, काहींची नुसती नावं बदलली. त्या गावांचे जुने इंची नकाशे कुठल्यातरी कॉलेजच्या कपाटात, नाहीतर कुणा जुन्या मास्तरांच्या ट्रंकेत पडून आहेत. ते मिळवा. मिळाला की लगेच भिंतीवर लावू नका. आधी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढं पसरा, बायांना आधी विचारा, कारण पाणी, सरपण आणि गुरं यांच्या वाटा त्यांच्याच पायाखालच्या. शेजारी एक वही आणि लिहिणारं पोर बसवा. कागद आणखी शंभर वर्षं टिकेल, त्याची घाई नाही. आत्या आता चौऱ्याऐंशीची आहे.